किशोरांच्या आरोग्याचं नेतृत्व किशोरांकडेच: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोरापोरींच्या आरोग्याविषयी गावात बोलणारे पुष्कळ असतात. त्यांना विचारणारे थोडे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आता अशी मुलं-मुली दिसतात जी स्वतः पुढे होऊन आपल्या वयाच्या मुलांच्या तब्येतीचे, मनाचे, लग्नाच्या वयाचे प्रश्न हाती घेतात. खालचे प्रश्न किशोर गटांच्या बैठकांत, पालकसभांत आणि आशाताईंशी बोलताना पुन्हा पुन्हा येतात. काही मुलांचे आहेत, काही आईबापांचे, काही शिक्षकांचे. ज्याने विचारलं त्यालाच उत्तर दिलं आहे, म्हणून कुठे ‘तू’ आहे, कुठे ‘तुम्ही’.

आरोग्याचं नेतृत्व म्हणजे मी नेमकं काय करायचं?

आधी सरकारी चौकट काय आहे ते सांगते. ७ जानेवारी २०१४ ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी तो आहे आणि त्यात सहा विषय आहेत: आहार, प्रजनन आणि लैंगिक आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसनं, इजा आणि हिंसाचार, आणि मधुमेह-रक्तदाबासारखे पुढे जडणारे आजार. त्यात गावातल्याच मुलामुलींना ‘साथिया’ म्हणून तयार केलं जातं. साधारण हजार वस्तीला चार जण, दोन मुली आणि दोन मुलगे. प्रत्येकाने आपल्या आसपासच्या पंधरा-वीस जणांचा गट करायचा आणि आठवड्याला तास-दोन तास बसायचं, ही मूळ कल्पना.

पण एवढ्याने नेतृत्व होत नाही. फ्लिपचार्ट धरून माहिती सांगणं हे काम निम्मं. उरलेलं निम्मं म्हणजे गटात जे कळलं ते योग्य माणसाकडे नेणं आणि उत्तर मिळेपर्यंत मागे लागणं. शाळेच्या मुलींच्या संडासाला कडी नाही, उपकेंद्रात गोळ्या संपल्यात, बारावीतल्या एका मित्राने बोलणंच सोडलंय. यातलं प्रत्येक काम वेगळ्या दारात जातं. कोणतं काम कोणत्या दारात न्यायचं हे ज्या मुलीला ठाऊक आहे, ती खरी नेता. भाषण तिला नाही आलं तरी चालेल.

आमच्या गावात हा कार्यक्रमच नाही. मग?

सगळ्या तालुक्यांत तो सारखा चालत नाही, हे खरं. तरी आशाताई आणि अंगणवाडी ताई आहेतच. शाळेत बघ: २०२० पासून आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत करायचं आणि विद्यार्थ्यांना त्यांच्या जोडीला घ्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या शाळेतले ते दोन शिक्षक कोण, हे मुख्याध्यापकांना विचार. नसतील नेमले तर तुझ्या प्रश्नाने नेमले जातील.

निवड कोण करतं? दरवेळी सरपंचाचा पोरगा आणि वर्गातली पहिली मुलगीच का?

कारण ती नावं पटकन सुचतात. निवड आशाताई आणि गावची आरोग्य-पोषण समिती मिळून करते, आणि यादी लवकर द्यायची असते. पण चार जणांपैकी दोघांनी शाळेत न जाणाऱ्या मुलामुलींसोबत काम करावं, असं कार्यक्रमातच लिहिलेलं आहे. गॅरेजवर काम करणारा मुलगा, आठवीनंतर शाळा सुटलेली आणि दिवसभर लहान भावंडं सांभाळणारी मुलगी, यांच्यापर्यंत वर्गातली पहिली मुलगी पोचत नाही. ती हुशार असते, पण त्यांच्यात बसत नाही.

वस्तीचाही विचार हवा. तांडा, दलित वस्ती, मुस्लिम मोहल्ला, पारधी वाडी, सगळीकडची पोरं जिथे न बिचकता येतील अशी बैठकीची जागा निवडा. देवळाचा सभामंडप सोयीचा वाटतो, पण पाळीत असलेल्या मुली तिथे येत नाहीत आणि इतरही काही जण येत नाहीत. शाळेची खोली किंवा अंगणवाडी बरी. आणि जिथे घरात दखनी उर्दू बोलतात तिथे बैठक दखनीत झाली तर मुली दुप्पट बोलतात.

याचे पैसे मिळतात का?

पगार नाही. प्रशिक्षणाचा खर्च आणि बक्षीसवजा वस्तू अशी तरतूद असते. माझं स्पष्ट मत आहे की कोणत्याही मुलाच्या खिशातून एसटीचं भाडं जाता कामा नये. ते आधी ठरवून घ्या.

(एका आईचा प्रश्न) पोरीला गटात पाठवलं, तिथे पाळी, प्रेम असलं बोलतात. उद्या पळून गेली तर आम्ही तोंड कुठे दाखवायचं?

ताई, ही भीती खोटी नाही. तुमच्या गावात असं एखादं प्रकरण झालेलं असेल, त्या घराचं काय झालं तेही तुम्ही पाहिलं असेल. म्हणून सरळ सांगते, गटात काय बोललं जातं. पाळी का येते, किती दिवस राहते, कपडा कसा धुवायचा आणि उन्हात वाळवायचा. कुणी नको तिथे हात लावला तर काय करायचं. फोनवर कुणी फोटो मागितला तर द्यायचा नाही, आणि दिलाच असेल तर घाबरून त्याच्या म्हणण्याप्रमाणे वागत सुटायचं नाही, कुणाला तरी सांगायचं. मुलग्यांना हेही सांगितलं जातं की १८ वर्षांच्या आतल्या मुलीशी शरीरसंबंध ठेवला तर तिचा होकार असला तरी २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याने तो गुन्हा आहे. हे बऱ्याच पोरांना पोलीस ठाण्यात गेल्यावर पहिल्यांदा कळतं.

जिला घरात काहीच विचारता येत नाही, ती बाहेर विचारते, आणि बाहेर उत्तर देणारा कोण असेल हे आपल्या हातात नसतं. तुम्ही एकदा बैठकीला येऊन मागे बसा. पहिल्या एक-दोन बैठका आयांसाठी मोकळ्या ठेवाव्यात असं मी प्रत्येक गटाला सांगते. आणि पाळीचा विषय मुली-मुलींत, मुलग्यांचे विषय मुलग्यांत, असंच सुरू करतात. एकत्र बसायची घाई कुणी करत नाही.

वर्गातल्या मैत्रिणीचं लग्न ठरलंय. ती सोळाची आहे. मी काय करू?

पहिली गोष्ट: एकटीने तिच्या घरी भांडायला जाऊ नकोस. तुझं काम खबर योग्य ठिकाणी पोचवण्याचं आहे, मांडवात उभं राहण्याचं नाही.

१०९८ हा मुलांसाठीचा फोन चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, आणि नाव गुप्त ठेवा असं सांगता येतं. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. मुलीच्या वयाचा पुरावा शाळेच्या दाखल्यात असतो, म्हणून मुख्याध्यापकांना आधी विश्वासात घे. २००६ च्या कायद्यानुसार मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. लग्न लावणारे, ठरवणारे, त्याला हातभार लावणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्न होऊन गेलं असलं तरी दार बंद होत नाही: मुलगी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत न्यायालयात जाऊन ते रद्द करून मागू शकते. हे शेवटचं कलम फार कमी मुलींना माहीत असतं. मोठ्याने सांगत जा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लग्न थांबलं की पेपरात बातमी येते, आणि मुलगी त्याच घरात, त्याच रागात राहते. पुढच्या महिन्यात तिला मामाच्या गावी नेऊन गुपचूप लग्न उरकलं जाऊ शकतं. तुझ्या गटाची खरी गरज तेव्हा आहे. ती शाळेत येतेय का, तिच्याशी घरात कोण बोलतंय, फी भरली का, बालकल्याण समितीने पुढे विचारपूस केली का. मैत्रिणी रोज तिला हाक मारून शाळेत घेऊन गेल्या, तर घरचेही हळूहळू नरमतात.

आणि बापाला खलनायक करून टाकू नकोस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के आणि बीडमध्ये जवळपास ४४ टक्के निघालं. एवढ्या घरांत दुष्ट बाप असू शकत नाहीत. पावसाने दगा दिलेला असतो, कर्ज असतं, पोरगी शिकली की हुंडा वाढतो हा हिशेब असतो, आणि सातवीनंतर किंवा दहावीनंतरची शाळा पाच-सात किलोमीटरवर असते. ‘पोरगी रोज एकटी कशी जाणार’ या वाक्यातून किती लग्नं ठरतात! म्हणून गावाला शाळेच्या वेळेची एसटी मिळवणं हेही बालविवाह थांबवण्याचंच काम आहे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींसाठीच आहेत, अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पासही मोफत आहे. बसच्या वेळेचा अर्ज आगारप्रमुखांकडे गटाच्या सह्यांनी जाऊ शकतो. त्यासाठी कुणाशी भांडावं लागत नाही, आणि निकाल अनेक घरांत दिसतो.

आमच्या गावचे निम्मे लोक दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. गट टिकणार कसा?

बीड जिल्ह्यात, आणि जालना, परभणी, धाराशिवच्या कितीतरी गावांत, हा प्रश्न बाकी सगळ्या प्रश्नांच्या आधी येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल घरं कुलपात असतात. त्यामुळे इथल्या गटाचं वर्ष जूनला सुरू होतं आणि खरं काम दसऱ्याच्या आत उरकावं लागतं.

सप्टेंबरमध्ये गटाने एक यादी करावी. कुणाचे आईबाप जाणार, पोरं सोबत जाणार की आजीआजोबांजवळ राहणार, राहणाऱ्या मुलीच्या घरात रात्री कोण असतं. ज्यांना सोय नाही त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीतून वेळेत जायला हवी. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ पासून आहे, तिची चौकशी समाजकल्याण खात्यात करा. जी मुलं फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, जाणार त्यांच्यासोबत लोहाच्या गोळ्या द्यायला सिस्टरना सांगा, आणि एकाचा तरी फोन नंबर गटाकडे ठेवा. फडावरची मुलगी आजारी पडली किंवा तिकडेच तिचं लग्न ठरलं, तर पहिली खबर मैत्रिणीला येते, अधिकाऱ्याला नाही.

या हंगामाचा आणि लवकरच्या लग्नाचा संबंध मुलांनी नीट समजून घ्यावा. मुकादम, म्हणजे तोडणीचा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती ‘कोयत्या’वर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात. लग्न झालं की कोयता पूर्ण होतो, उचल वाढते, आणि पोरीला मागे एकटी ठेवायची काळजीही मिटते. पुढे विशीच्या आत दोन बाळंतपणं, फडावर ना संडास ना पुरेसं पाणी, पाळीतही मोळी डोक्यावर, दुखणं अंगावर काढणं, आणि शेवटी डॉक्टर म्हणतो गर्भाची पिशवी काढून टाका. बीडमधल्या या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. सोळाव्या वर्षी थांबवलेलं लग्न या पुढच्या साखळीलाही थांबवतं. गटात हे आकडे सांगताना समोरच्या मुलींच्या आया याच असतात हे विसरू नये. दोष देण्याचा सूर चुकूनही नको.

लोहाच्या निळ्या गोळ्यांनी मळमळतं, शी काळी होते. मुली फेकून देतात. मी कसं पटवू?

काळी शी लोहामुळेच होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे आधीच सांगून ठेवलं तर निम्म्या गोळ्या वाचतात. उपाशीपोटी घ्यायची नाही, शाळेतल्या जेवणानंतर घ्यायची. आधी-नंतर तासभर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, पेरू, आवळा, बोरं यांनी लागतं.

गोळी आठवड्यातून एकच. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. शाळेत न जाणाऱ्या मुलींना ती अंगणवाडीतून मिळायला हवी, आणि तिथेच सगळ्यात जास्त गळती होते. तुझ्या गटातल्या शाळाबाह्य मुलींना विचारून बघ. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ५९ टक्के जणींना रक्तक्षय आहे. मुलग्यांत ३१ टक्के, म्हणजे ‘हा बायकांचा आजार’ असंही नाही. मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं की रक्त कमी धरतात. उपकेंद्रात तपासून मिळतं.

ताटाबद्दल बोलताना विकतच्या पावडरी सांगू नकोस. शेवग्याची शेंग आणि पाला, हरभऱ्याची भाजी, तुरीचं वरण, शेंगदाणे, बाजरीची भाकरी हे आपल्याकडे आहे. अडचण वेगळी असते: घरात मुलगी शेवटी जेवते आणि तोवर वरणाचं पातेलं खरवडलेलं असतं. हा मुद्दा मुलग्यांच्या गटात काढ. बहिणीच्या ताटात आधी वाढायला एखाद्या मुलग्याने घरी सुरुवात केली, तर तेही गोळीइतकंच मोलाचं आहे.

पाळीत शाळा बुडते ती लाजेमुळे की पाण्यामुळे?

दोन्ही, पण मराठवाड्यात पाण्याकडे आधी बघा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी शाळेच्या संडासात पाणी कुठून येणार? पॅड वाटप चांगलंच, पण बदलायला जागा नाही, हात धुवायला पाणी नाही, टाकायला डबा नाही, तर मुलगी त्या दिवशी घरीच राहते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. कडी, नळ, टाकी, झाकणाचा डबा ही मागणी त्यात बसते.

मी मुलगा आहे. आमच्यासाठी यात काय?

पुष्कळ आहे, आणि मुलगे गटात येत नाहीत ही माझी कायमची खंत आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर अनवाणी पळणारी, गुडघे दुखावून घेणारी, कुणीतरी सांगितलं म्हणून पावडर आणि इंजेक्शनं घेणारी पोरं प्रत्येक गावात आहेत. उंची वाढवायच्या गोळ्या, गोरं करणारी क्रीम. त्या क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं आणि काही महिन्यांत तोंड लाल होऊन जळतं. मुलग्यांना यावर विचारायला माणूस नाही. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात किशोरांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक बसतात आणि मुलग्यांचेही प्रश्न ऐकतात. पहिल्यांदा एकट्याने जायची लाज वाटते, म्हणून दोघांनी जावं.

व्यसनाचं म्हणशील तर राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. टपरीवाल्याशी वाद घालू नका. नकाशा काढून, टपऱ्या दाखवून, मुख्याध्यापकांच्या पत्रासोबत पोलीस ठाण्यात द्या. मुलींमध्ये मशेरीची सवय असते. ती दात घासण्याच्या नावाखाली लपते, आणि आजीकडून नातीकडे येते.

मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेलं मी कुणाला सांगू नये ना?

नाही सांगायचं. गटाचा सगळा पाया यावर आहे. पण तीन प्रसंगी मोठ्या माणसाला सांगावंच लागतं: तिच्या जिवाला धोका असेल, ती स्वतः जीव द्यायचं म्हणत असेल, किंवा तिच्यावर कुणी अत्याचार करत असेल. हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर सांगून ठेव, म्हणजे नंतर दगा वाटत नाही.

लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या मोठ्या माणसाने पोलिसांना कळवणं पोक्सोत बंधनकारक आहे. अठराच्या आतल्याला न कळवल्याची शिक्षा नाही. म्हणून तू ओझं घेऊ नकोस. विश्वासाच्या शिक्षिकेला, आशाताईला किंवा १०९८ ला सांग. नाव, फोटो, गाव कुठल्याही ग्रुपवर टाकायचं नाही. ‘न्याय मिळावा म्हणून’ सुद्धा नाही.

मित्र म्हणतो, ‘आता जगण्यात अर्थ नाही.’ विचारलं तर उलट त्याच्या डोक्यात ते पक्कं होईल ना?

होत नाही. सरळ विचार: ‘तुझ्या मनात जीव द्यायचं येतंय का?’ विचारल्याने विचार रुजत नाही, उलट कुणीतरी नाव घेतलं म्हणून त्याला हायसं वाटतं. ‘असं बोलू नये’, ‘आईबापाचा विचार कर’ हे म्हणू नको. तो तेवढाच विचार करत असतो. ऐक, एकटं सोडू नकोस, आणि त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांग. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या फोनवर, १४४१६ वर, रात्री-अपरात्री मराठीत बोलता येतं, तुझ्या फोनवरून लावून त्याच्या हातात दे. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८.

आणखी एक, जे शेतकऱ्यांच्या घरात फार मोलाचं आहे. फवारणीचं औषध पलंगाखाली, माळ्यावर, न्हाणीच्या कोपऱ्यात पडलेलं असतं. मराठवाड्यात बापाने, काकाने, शेजाऱ्याने ते घेतल्याचं अनेक पोरांनी लहानपणी पाहिलेलं असतं. जीव द्यायची ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळच टिकते. तेवढा वेळ हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो. ही जगभर तपासून पाहिलेली गोष्ट आहे. म्हणून प्रत्येक गटाने हे एक काम घ्यावं: आपापल्या घरातलं औषध कुलपाच्या पेटीत, चावी एका मोठ्या माणसाकडे, उरलेले डबे घरात ठेवायचे नाहीत. पंधरा वर्षांची मुलगी हे घरात बोलू शकते. ‘लहान भाऊ चुकून पिईल’ एवढं म्हटलं तरी बाप ऐकतो.

ज्या घरात बापाने आत्महत्या केली आहे त्या घरच्या मुलाला गटात ‘त्याचं उदाहरण’ म्हणून कधीही उभं करू नका.

लातूरला नीटच्या क्लाससाठी राहतो. इथे गाव नाही, गट नाही.

तीन-चार रूममेट म्हणजे गट. झोप, एक वेळचं तरी नीट जेवण, आणि टेस्टचे मार्क लागलेल्या रात्री कुणी एकटं राहणार नाही, हे ठरवून घ्या. मेसवाल्या मावशींना आणि घरमालकाला १४४१६ माहीत असू द्या. घरी फोन केला की फक्त मार्क विचारतात असं असेल, तर आईला सांग की आठवड्यातून एक फोन मार्कांशिवाय कर.

पोरांचं ग्रामपंचायतीत कोण ऐकतं?

तोंडी कुणाचंच ऐकत नाहीत. कागद लागतो. अर्ज दोन प्रतींत करा, एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच हातात असली की पुढच्या वेळी बोलण्याचा सूर बदलतो, दोन्ही बाजूंचा.

अठराच्या आत ग्रामसभेत मत नाही, पण वाटा आहेत. ग्राम बाल संरक्षण समितीत मुलांचे दोन प्रतिनिधी असायला हवेत. सरपंच अध्यक्ष असतात, अंगणवाडी ताई सचिव. तुमच्या गावची समिती कागदावरच आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारणं हाच पहिला अर्ज होऊ शकतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे आया मुलींची मागणी ठरावात घालू शकतात. मुलांचं म्हणणं त्यांच्याशी संबंधित बाबतीत ऐकलं गेलं पाहिजे, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमात आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. कुणी ‘तुम्हाला काय कळतं’ म्हटलं तर हे शांतपणे सांगा आणि पोच मागा.

याने खरंच फरक पडतो का?

पैठण तालुक्यातल्या पाचोडचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने नव्वदच्या दशकाच्या शेवटी, लग्न न झालेल्या १२ ते १८ वयाच्या मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला, सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी एक तास. त्या भागात १९९७ ते २००१ या काळात लग्नाचं मध्यम वय १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष कमी वाटेल. पण पहिलं बाळंतपण एक वर्ष पुढे जाणं म्हणजे काय, हे कुठल्याही सिस्टरना विचारा.

आणि रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर, हे लक्षात घ्या. वर्षातून एकदा रॅली काढून हे झालेलं नाही.

(शिक्षकांचा प्रश्न) आम्ही मदत कशी करावी?

सर, बाई, मुलांना घोषणा पाठ करायला लावू नका. पाहुणे आले की स्वागतगीत आणि पथनाट्यासाठी त्याच मुलांना बोलावणं थांबवा. त्यांना शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दहा मिनिटं द्या, त्यांनी मांडलेल्या प्रश्नाचं काय झालं ते महिन्याभरात त्यांना सांगा, आणि एखाद्या मुलीने खबर दिली म्हणून गावातून दाब आला तर तिच्या पुढे तुम्ही उभे राहा. प्रजनन आरोग्याचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडू नका.

मी आता एकोणीस पूर्ण केली. माझं काम संपलं का?

मतदारयादीत नाव घातलं नसेल तर आधी ते घाल. अठरा झाली तेव्हाच तुला ग्रामसभेत मताचा हक्क आला आहे, तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ज्या दिवशी सभा असेल त्या दिवशी जाऊन बस, आणि गटाचे जुने अर्ज सोबत ने. गटातली तुझी जागा नववी-दहावीतल्या मुलीला दे. शक्यतो शाळा सुटलेल्या मुलीला. पोच लावलेली फाईल, आशाताई, सिस्टर, ग्रामसेवक यांचे नंबर आणि सप्टेंबरची यादी तिच्या हवाली कर. पहिल्या काही बैठकांना तिच्याबरोबर बस, पण बोलू तिलाच दे.